कागदावरचं इंजिन

थर्मलच्या व्हायवाला एक्स्टर्नल समोर कोरा कागद सरकवतात आणि डिझेल सायकल काढायला सांगतात. हा प्रश्न चुकला असा मेकॅनिकलवाला मी अजून पाहिलेला नाही. कॉम्प्रेशनची वर चढणारी रेघ, मग स्थिर दाबाची आडवी रेघ, मग एक्स्पान्शन. आपण काढतो, मार्क घेतो आणि कर्जत स्टेशनवर वडा खायला पळतो. पण मित्रहो, गंमत अशी की रुडॉल्फ डिझेल नावाच्या माणसाने १८९२ साली ज्या इंजिनासाठी पेटंटचा अर्ज केला, त्यात ही आडवी रेघ नव्हतीच. तिथे ज्वलन स्थिर तापमानाला व्हायचं होतं. म्हणजे आपण परीक्षेत जे काढतो ते डिझेलचं मूळ इंजिन नव्हे.

हे मला कळलं ते प्रोजेक्टमुळे. आमच्या ग्रुपचा विषय आहे इंजिनचं सिम्युलेशन. लॅबमधलं किर्लोस्करचं टीव्ही-१ इंजिन सगळ्यांना ठाऊक आहे. एक सिलिंडर, बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, कॉम्प्रेशन रेशो १७.५, ताकद १५०० आरपीएमला ५.२ किलोवॅट. महाराष्ट्रातल्या निम्म्या कॉलेजांच्या लॅबमध्ये हाच हिरो असतो. हे इंजिन आम्ही कॉम्प्युटरवर बांधलं. डीझेल-आरके नावाचं सॉफ्टवेअर आहे, मॉस्कोच्या बाउमन विद्यापीठात तयार झालेलं. बोअर, स्ट्रोक, व्हॉल्व्हच्या वेळा, इंजेक्टरची भोकं एवढं सगळं भरायचं, आणि ते क्रँकच्या प्रत्येक अंशाला सिलिंडरमधला दाब आणि तापमान काढून देतं. इंधन किती वेगाने जळतं हे व्हीबे या रशियन इंजिनिअरच्या सूत्रासारख्या समीकरणांवरून काढतात, भिंतींतून किती उष्णता पळते हे म्युनिकच्या प्राध्यापक व्होश्नी यांच्या सूत्रासारख्यांवरून. इंजेक्शन दोन अंश आधी केलं तर काय, पिस्टनची वाटी खोल केली तर काय, हे सगळं लेथला हात न लावता कळतं. कंपन्यांमध्ये जीटी-पॉवर, एव्हीएल बूस्ट अशी महागडी सॉफ्टवेअर वापरून हेच काम चालतं. पण सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं की घर्षणासाठी तुम्ही काय भरलंत, आणि त्या प्रश्नाच्या मागे लागता लागता मी लायब्ररीत डिझेलच्या चरित्रापर्यंत पोचलो. कारण हा माणूस सिम्युलेशनवालाच होता. फक्त त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, कागद आणि लॉगची टेबलं होती.

जन्म १८ मार्च १८५८, पॅरिस. आईवडील मूळचे बव्हेरियाचे, म्हणजे जर्मन. वडील थिओडोर बुक-बाइंडर होते आणि कातडी पाकिटं-पेट्या बनवायचे. बेताची परिस्थिती. लहानगा रुडॉल्फ हातगाडीवरून माल गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचा आणि उरलेल्या वेळात तिथल्या तंत्रविद्येच्या म्युझियममध्ये जाऊन कुन्योची जुनी वाफेची गाडी बघत बसायचा. १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना रातोरात परके ठरवलं गेलं. कुटुंब लंडनला पळालं, तिथे खायची भ्रांत, म्हणून बारा वर्षांच्या पोराला एकट्यालाच आगगाडीत बसवून आउग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ते काका गणिताचे शिक्षक होते. हे मात्र नशीबच म्हणायचं.

चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्र लिहून कळवून टाकलं की मी इंजिनिअर होणार. घरच्यांना पोराने लवकर कमावतं व्हायला हवं होतं (ओळखीचं वाटतंय ना?). स्कॉलरशिप मिळवून तो १८७५ मध्ये म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे थर्मोडायनॅमिक्सला कार्ल फॉन लिंडे होते, तेच ते, रेफ्रिजरेशनच्या पुस्तकातले लिंडे. १८७८ च्या सुमारास एका लेक्चरला लिंडेंनी सांगितलं की चांगलं वाफेचं इंजिनसुद्धा इंधनातल्या उष्णतेपैकी सहा ते दहा टक्केच कामाला लावतं, बाकी सगळी वाया. आणि कार्नोच्या सिद्धांतानुसार स्थिर तापमानाला उष्णता दिली तर जास्तीत जास्त काम निघेल. वीस वर्षांच्या पोराने वहीच्या समासात टिपून ठेवलं की हे प्रत्यक्षात आणता येईल का ते बघायचं. आपल्या वह्यांच्या समासात काय काय असतं ते इथे नको लिहायला.

शेवटच्या परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला. म्हणजे आपल्या भाषेत ड्रॉप. पण जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली ती त्या संस्थेतले तोपर्यंतचे सगळ्यात जास्त मार्क घेऊन. मग लिंडेंच्याच कंपनीत पॅरिसला बर्फाचे कारखाने उभारायची नोकरी. १८८१ साली बर्फाबद्दलची पेटंटं मिळवली. १८८३ मध्ये मार्थाशी लग्न, पुढे तीन मुलं. दिवसा बर्फ आणि रात्री इंजिन, असं त्याचं दहा-बारा वर्षं चाललं. मधली काही वर्षं त्याने वाफेऐवजी अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन करण्यात घालवली. ते काही जमलं नाही. १८९० मध्ये बिऱ्हाड बर्लिनला हललं आणि तिथे खरी गणितं सुरू झाली.

त्याची कल्पना अशी. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, इतकी दाबायची की ती आपोआप प्रचंड तापेल, मग त्यात इंधन थोडं थोडं सोडायचं. ठिणगी नको, बत्ती नको. पिस्टन खाली जाताना हवा प्रसरण पावून थंड व्हायला बघणार आणि इंधन जळून तिला गरम ठेवणार. दोन्हींचा मेळ बसला की तापमान स्थिर. कार्नो खूष. फेब्रुवारी १८९२ मध्ये अर्ज केला, पुढच्या वर्षी पेटंट हातात आलं, आणि १८९३ मध्येच त्याने पुस्तकही छापलं. त्यात आदर्श इंजिनाचे आकडे होते. सर्वात जास्त दाब २५० अ‍ॅटमॉस्फिअर, तापमान ८०० अंश, एफिशियन्सी ७३ टक्के. दहा टक्क्यांच्या जमान्यात ७३! मोठमोठ्या प्राध्यापकांना त्याने पुस्तक पाठवलं, बऱ्याच जणांनी पाठ थोपटली. आउग्सबर्गच्या कारखान्याचे हाइनरिश बुट्स आधी नाही म्हणाले होते, ते तयार झाले. क्रुपसारखी बलाढ्य कंपनी पैसे द्यायला आली. एकही नट-बोल्ट न आवळता, निव्वळ कागदाच्या जोरावर.

आता हे त्याचं कागदावरचं इंजिन मी एक्सेलमध्ये चालवून पाहिलं. अवघड काही नाही, सेकंड इयरच्या फॉर्म्युल्यांत होतं. खालचं तापमान २० अंश धरलं, वरचं ८००, तर कार्नोची एफिशियन्सी १ वजा २९३ भागिले १०७३, म्हणजे बरोबर ७३ टक्के. डिझेलचं गणित कुठेही चुकलेलं नाही. कॉम्प्रेशन रेशो मात्र ६८ च्या आसपास येतो. आणि आलेख काढला की पोटात गोळा येतो. पी-व्ही डायग्रॅम म्हणजे जेमतेम सुरीच्या पात्याएवढी पट्टी. वर जायची रेघ आणि खाली यायची रेघ एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. त्या पट्टीचं क्षेत्रफळ हेच आपल्याला मिळणारं काम. सरासरी दाब काढला तर सुमारे २.७ बार. लक्षात घ्या, शिखरावर २५० आणि सरासरी पावणेतीन.

इथे सरांचा प्रश्न आठवतो. घर्षणासाठी चेन आणि फ्लिन यांचं एक साधं सूत्र सिम्युलेशनमध्ये वापरतात. त्यात घर्षण हे शिखरावरच्या दाबाबरोबर वाढतं, कारण जेवढा दाब जास्त तेवढ्या रिंगा आणि बेअरिंगं जास्त रगडली जातात. पिस्टनचा वेग आपल्या टीव्ही-१ एवढाच ठेवून नेहमीचे गुणांक घातले तर २५० च्या दाबाला घर्षण २.२ बारच्या जवळ जातं. राहिलं किती? अर्धा बार. म्हणजे ७३ टक्क्यांचे बाहेर शाफ्टवर येईपर्यंत १४ टक्के उरतात, आणि तेही भिंतींतून काडीचीही उष्णता जात नाही असं धरून, आजच्या काळातल्या मशीनिंगचे आणि वंगणाचे गुणांक वापरून. १८९३ च्या रिंगा आणि १८९३ चं तेल असतं तर ते इंजिन स्वतःचंच चाक फिरवू शकलं असतं की नाही याची शंका आहे. तुलनेला आपलं टीव्ही-१ बघा. शिखर ७० बारच्या घरात, घर्षण सव्वा बार, आणि शाफ्टवर ६.३ बार.

माझ्या मते डिझेलच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना स्फोटाची नाही आणि समुद्रातलीही नाही. १८९३ सालच्या उन्हाळ्यात कधीतरी, पुस्तक छापून झालेलं, करार सह्या होऊन गेलेले, आणि त्या वेळी टेबलाशी बसून त्याला हे स्वतःलाच कळलं, ती आहे. त्याच्या टिपणांत ते दिसतं. त्याने उपायही शोधला. शिखराचा दाब खाली आणायचा, स्थिर तापमानाचा हट्ट सोडायचा, इंधन जास्त सोडायचं आणि तापमान वाढू द्यायचं. मग पट्टी जाड होते, काम मिळतं. आपण परीक्षेत काढतो ती आडवी रेघ इथून आली. नोव्हेंबर १८९३ मध्ये त्याने दुसऱ्या पेटंटचा अर्ज केला आणि त्यात हा बदल सामावून घेतला. पण पहिलं गणित मी सोडलं आहे असं त्याने मोकळेपणाने कधी जाहीर केलं नाही. कसं करणार? पैसे पहिल्या कागदावर मिळाले होते. क्रुपला आणि बुट्सना जाऊन सांगायचं का, की मंडळी, ते ७३ टक्के विसरा?

मला त्याला दोष देणं जड जातं. पण याची किंमत त्याने पुढची वीस वर्षं मोजली हे खरं. विरोधक उठता बसता विचारायचे की पेटंटमध्ये लिहिलेलं इंजिन एक आणि विकताय ते दुसरंच, मग पेटंट कसलं?

इकडे कारखान्यात पहिलं इंजिन तयार झालं होतं. बोअर १५० मिमी, स्ट्रोक ४००. त्याला पाण्याचं जॅकेटच नव्हतं, कारण कागदाप्रमाणे त्याची गरज नव्हती! १० ऑगस्ट १८९३ ला बाहेरून पट्ट्याने फिरवत त्यात पेट्रोल सोडलं. पेटलं. दाब ८० अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत उसळला आणि दाब मोजायच्या इंडिकेटरच्या ठिकऱ्या डिझेलच्या बाजूने उडाल्या. थोडक्यात वाचला. तरी तो खूष होता, कारण नुसत्या दाबाने इंधन पेटतं हे सिद्ध झालं. मग महिनोन्‌महिने फेरबदल. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर फिरलं, मिनिटभर, ८८ आरपीएमला. असं सांगतात की पट्टा आता इंजिनाला ओढत नसून इंजिनच पट्ट्याला ओढतंय हे मिस्त्रीच्या आधी लक्षात आलं, आणि तो काही न बोलता टोपी काढून उभा राहिला. डिझेलला त्याच्या त्या टोपीवरून कळलं.

मधली तीन वर्षं भरभर सांगतो, कारण ती आपल्या प्रोजेक्टच्या वर्षासारखीच आहेत. काही चालत नाही, गाइड घाई करतोय, पैसे संपतायत. मुख्य भानगड इंधन आत सोडण्याची होती. एवढ्या दाबाविरुद्ध द्रव इंधन बारीक फवाऱ्यात सोडेल असा पंप त्या काळी बनत नव्हता. शेवटी त्याने वेगळा कॉम्प्रेसर लावून दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत फुंकलं. जड, बोजड, पण चाललं. जॅकेटही आलं. १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक श्र्योटर यांनी रीतसर टेस्ट घेतली. बोअर २५० मिमी, स्ट्रोक ४००, ताकद साधारण १८ ते २० हॉर्सपॉवर. एफिशियन्सी २६.२ टक्के.

सव्वीस! ७३ नव्हे. पण जगातल्या कुठल्याही उष्णतेच्या इंजिनाने तोवर एवढी दिली नव्हती. आमच्या वर्गात यावर दोन तट पडले. काहींचं म्हणणं, ७३ चे २६ झाले म्हणजे थिअरी फेल. मी दुसऱ्या गटात आहे. ७३ चा आकडा समोर नसता तर २६ पर्यंत पोचायची हिंमत कोणी केली असती?

मग पैसा आला, धो धो आला. अमेरिकेतले बिअरवाले अडॉल्फस बुश यांनी तिथले हक्क दहा लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये सगळे हक्क ३५ लाख मार्कांना नव्या कंपनीकडे गेले. म्युनिकमध्ये आलिशान बंगला उभा राहिला. पण बाजारात गेलेली पहिली इंजिनं नाठाळ निघाली. पहिलं विकलेलं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन केंप्टनच्या आगपेट्यांच्या कारखान्यात बसलं (काडी न लावता पेटणारं इंजिन आगपेट्यांच्या कारखान्यात, काय योग!) आणि ते सारखं बंद पडायचं. लॅबमध्ये तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारं यंत्र आणि साध्या ऑपरेटरच्या हातात महिनाभर चालणारं यंत्र यांत फरक असतो. डिझेलची तब्येत ढासळली, डोकेदुखी आणि मानसिक थकव्यासाठी त्याला काही महिने सॅनिटोरियममध्ये राहावं लागलं.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथेच ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. बायोडिझेलवर प्रोजेक्ट करणारे करंज आणि जट्रोफावाले आपले सीनियर त्या प्रदर्शनाचे नातवंडच म्हणायचे. १९१२ मध्ये डेन्मार्कचं सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं जहाज समुद्रावर निघालं. गाड्यांमध्ये मात्र त्याच्या हयातीत हे इंजिन शिरलं नाही. तो जड कॉम्प्रेसर आड येत होता. डिझेल ट्रक आले १९२३-२४ मध्ये आणि बॉशचा इंजेक्शन पंप १९२७ मध्ये. आज रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर उभं राहिलं की खालापूरच्या टोलनाक्याकडून घाटाला लागणाऱ्या ट्रेलरांची घरघर ऐकू येते. त्यातला एकही आवाज डिझेलने ऐकला नाही. आपल्या बोरघाटातली रेल्वे तर १९३० च्या सुमारालाच विजेवर गेली, पण नेरळहून माथेरान चढणाऱ्या छोट्या गाडीला १९५० च्या दशकात जर्मनीहूनच डिझेल इंजिनं आली. आणि घाटापलीकडे खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. कर्जतकडच्या भातगिरण्यांत आणि उल्हासकाठच्या पंपांवर वर्षानुवर्षं पुकपुकत राहिली ती हीच जात.

शेवट सांगायलाच हवा. हिशेबात एवढा काटेकोर माणूस, पण पैशाच्या हिशेबात बुडाला. जमिनींचे व्यवहार फसले, तेलाच्या विहिरींतले पैसे गेले. वर्षानुवर्षं त्याने हे घरातही कळू दिलं नाही. १९१३ मध्ये त्याच्या इंजिनाची खिल्ली उडवणारं पुस्तक ल्युडर्स नावाच्या प्राध्यापकाने काढलं, त्यात तोच जुना पेटंटचा मुद्दा. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. इप्सविचच्या नव्या कारखान्याच्या कामासाठी. सोबत्यांबरोबर नीट जेवला, डेकवर फेरी मारली, सकाळी लवकर उठवायला सांगून केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी. बिछाना न वापरलेला. दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीच्या लोकांना समुद्रात मृतदेह दिसला. त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह परत पाण्यात सोडला. त्या वस्तू मुलगा ऑयगेन याने ओळखल्या.

खून झाला, पाणबुडीचं गुपित होतं, असल्या कथा आजही चवीने सांगितल्या जातात. मला त्या पटत नाहीत. जायच्या आधी त्याने पत्नीकडे एक बॅग देऊन ठेवली होती, आठवडाभराने उघड म्हणून. तिच्यात २०,००० मार्क रोख निघाले. बँकांमधली खाती जवळपास रिकामी होती. डायरीत २९ सप्टेंबरच्या तारखेला एक लहानशी फुली होती. वय ५५.

त्याच्या ७३ टक्क्यांच्या इंजिनाची एक्सेल फाइल मी कॅड लॅबच्या तिसऱ्या रांगेतल्या कॉम्प्युटरवर ठेवली आहे. शिखराच्या दाबाचा सेल पिवळा केलाय. तो २५० वरून ३५ पर्यंत खाली आणत जा आणि इंधन वाढवत जा, पट्टी कशी जाड होते ते दिसेल. घर्षणाच्या कॉलममधले गुणांक टीव्ही-१ च्या रीडिंगवरून काढायचे राहिलेत, ज्या ज्युनियरला वेळ असेल त्याने सरांना भेटावं.